गेम सुरू होताच पीसी रीस्टार्ट : दोष सप्लायचा

लक्षण असं: विंडोज, ब्राउझर तासन्‌तास व्यवस्थित चालतं, पण गेम लावला की दोन मिनिटांत मशीन थेट रीस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, एररही नाही. अशा वेळी रॅम बदलत बसू नका, आधी पॉवर सप्लायचं स्टिकर वाचा.

माझ्या सप्लायवर ठळक अक्षरांत ४५० वॉट होतं. खाली बारीक अक्षरांत +१२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. १२ गुणिले १८, म्हणजे फक्त २१६ वॉट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच १२ व्होल्टवर चालतात. रायझन ५ ५६०० प्रोसेसर पूर्ण लोडला ७६ वॉटपर्यंत घेतो, आरटीएक्स ३०६० कार्ड १७०. बोर्ड, पंखे, डिस्क धरून हिशेब ३००च्या आसपास जातो, शिवाय कार्ड क्षणभर त्याहून जास्त ओढतं.

उपाय: ५५० वॉटचा, १२ व्होल्टला किमान ४० अँपिअर देणारा सप्लाय. पुण्यात तापकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन, पण खोक्यावरचा आकडा नाही, स्टिकरच बघा. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा तर नकोच.

जोडताना प्रोसेसरची केबल ४+४ पिनची, कार्डाची ६+२. दिसायला सारखी, वायरिंग उलटं. बसत नसेल तर दाबू नका. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा सप्लाय असेल तर जुन्याच्या केबली नव्याला अजिबात लावू नका. सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते, चुकीची केबल लावली तर हार्ड डिस्क जळू शकते.