महाभारत वाचायचंय? मग 'युगान्त'पासून घ्या

लायब्ररीच्या काउंटरवर बसते, त्यामुळे "आपल्या संस्कृतीवरचं काहीतरी द्या हो" म्हणणारे नेहमी येतात. जाडजूड खंड मी लगेच काढत नाही, इरावती कर्व्यांचं 'युगान्त' पुढे करते. पहिल्या पानापासूनच सुरुवात हवी असं नाही. आधी 'गांधारी' वाचा, मग 'कुंती'. लेख सुटे आहेत, क्रम मोडला तरी बिघडत नाही. 'मयसभा' मात्र सावकाश घ्या. खांडववन जाळलं तेव्हा तिथल्या जिवांचं काय झालं, हा प्रश्न टीव्हीवरची मालिका बघताना कुणाला पडतो?

बाईंचा आधार भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा. पुण्यात 1919 ते 1966 ते काम चाललं होतं, नंतरची भर बाजूला काढायचं. तेव्हा आजीकडून ऐकलेला एखादा प्रसंग सापडला नाही तर बिचकू नका, वहीत टिपून ठेवा.

पाठोपाठ दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व'. माणसं तीच, नजर निराळी. दोन्हींतली द्रौपदी लागोपाठ वाचा आणि कुणाशी तरी मनसोक्त भांडा. मला विचाराल तर मी कर्व्यांच्या बाजूची.

भाषांतराचे खंड त्यानंतर. ते आमच्याकडे घरी मिळत नाहीत, इथेच बसून वाचावे लागतात.