मॉड्युलर मोटर ड्राइव्ह : कंट्रोल वाटून देताना या चुका टाळा

एका मोटरच्या स्टेटरचे (न फिरणारा, वाइंडिंगवाला भाग) चार भाग, प्रत्येक भागाला स्वतःचा छोटा इन्व्हर्टर (डीसीतून मोटरला एसी देणारा) आणि स्वतःचा कंट्रोलर, म्हणजे एक मॉड्युल, एक बंद पडला तरी बाकीचे तीन काम ओढतात. कल्पना झकास आहे. पण बहुतेक जण करतात काय, तर एका ड्राइव्हचा चालू असलेला कोड उचलतात, चारही बोर्डांत तसाच्या तसा टाकतात आणि म्हणतात, झालं डिस्ट्रिब्युटेड कंट्रोल! मग नोड आयडीसुद्धा (नेटवर्कवरचा बोर्डाचा नंबर) चौघांचा एकच. ते निदान लगेच कळतं तरी.

लगेच न कळणारी चूक म्हणजे प्रत्येक मॉड्युलमध्ये वेगळा स्पीड लूप (मोजलेला स्पीड बघून टॉर्क कमी-जास्त करणारा कोड), इंटिग्रेटरसकट (त्यातला चूक साठवत जाणारा भाग). शाफ्ट एकच आहे हो! एका ठिकाणी असाच सेटअप बघायला बोलावलं होतं, तक्रार अशी की लोड काहीच नाही, मोटर मख्खनसारखी फिरतेय, सप्लायमधून करंटही किरकोळ, पण मॉड्युल तापून ट्रिप होतायत. तोवर त्यांनी थर्मल पेस्ट बदलली होती, हीटसिंक बदलले होते, फॅन वाढवले होते, एक मॉड्युल तर दोषी ठरवून बदललंही होतं. चौघांचा टॉर्क करंट एकाच ग्राफवर टाकून मात्र कोणी बघितला नव्हता. टाकला तर दोन मॉड्युल जोरात पुढे ढकलतायत आणि दोन तेवढ्याच जोरात ब्रेक लावतायत, नुसती रस्सीखेच. ब्रेक लावणाऱ्यांची पॉवर कॉमन डीसी बसमधून (सगळ्या मॉड्युलना पॉवर देणारी लाइन) ढकलणाऱ्यांकडे परत जात होती, त्यामुळे सप्लायला फक्त लॉसेस दिसत होते.

कारण साधं आहे. प्रत्येक बोर्ड स्वतःच्या क्रिस्टलवर (घड्याळाचा ठोका देणारा भाग) वेळ मोजतो, दोन क्रिस्टल कधीच सारखे नसतात, त्यामुळे मोजलेला स्पीड केसभर वेगळा येतो आणि इंटिग्रेटर तो केसभर फरक लिमिट लागेपर्यंत साठवत बसतो. टॉर्कची बेरीज बरोबर राहते म्हणून स्पीड छान दिसतो, आपसातल्या फरकाला लगाम कोणाचाच नाही. गेन (लूपचा जोर) कमी करून हे जात नाही, फक्त उशिरा होतं, आणि तेवढ्यावर खूश होणारे खूप बघितलेत. मी इंटिग्रेटर एकाच मॉड्युलमध्ये ठेवतो, बाकीच्यांना टॉर्क रेफरन्स (किती टॉर्क द्यायचा तो आकडा) पाठवतो, आणि तो मॉड्युल मेला तर पुढचा कोण हे आधीच ठरवून ठेवतो. मास्टर नकोच असेल तर ड्रूप लावा (टॉर्क वाढला की स्पीड थोडा खाली येऊ देणं), स्पीड थोडा ढळेल तो सहन करा.

दुसरी आवडती चूक पण घड्याळाचीच. क्रिस्टलवर ५० पीपीएम (दहा लाखात ५० इकडे-तिकडे) लिहिलेलं वाचून लोकांना वाटतं किती अचूक! दोघांमधला फरक १०० पीपीएमपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे दर सेकंदाला १०० मायक्रोसेकंद, म्हणजे १० किलोहर्ट्झला एक पूर्ण पीडब्ल्यूएम सायकल (इन्व्हर्टरचे स्विच चालू-बंद होण्याची एक फेरी). सुरुवातीला कॅरिअर (पीडब्ल्यूएमचा ताल देणारी लाट) मस्त इंटरलीव्ह करून, म्हणजे एकमेकांपासून सरकवून, कपॅसिटरचा रिपल (करंटची चढ-उतार) कमी केलेला असतो, ती जुळणी थोड्याच वेळात घसरते आणि रिपल हळूहळू कमी-जास्त होत राहतो, मोटर पण तालात वूं-वूं करते. मी सिंकसाठी वेगळी वायर टाकतो. आणि कृपा करून सिंक पल्स आला की टायमर मधेच शून्य करू नका, अर्धवट पल्स जातो, त्यापेक्षा पिरिअड एखाद्या काउंटने कमी-जास्त करत जुळवून घ्या. घाईवाल्यांना हे नको असतं, त्यांना एका ओळीत रीसेट हवा.

करंट लूप (करंट ताब्यात ठेवणारा कोड) कॅन बसवरून, म्हणजे बोर्डांमधल्या मेसेजच्या वायरींवरून, चालवायचा नाही. १ एमबीपीएस कॅनवर ८ बाइटची फ्रेमच १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ खाते, पीडब्ल्यूएम सायकल तोवर संपलेली असते.

एन्कोडरचा (शाफ्टचा कोन मोजणारा सेन्सर) अँगल कॅन बसवरून घेत असाल तर सोबत टाइमस्टॅम्प घ्या आणि स्पीडने पुढे सरकवून वापरा. ३००० आरपीएम, ४ पोल पेअर (मॅग्नेटच्या उत्तर-दक्षिण जोड्या), १ मिलिसेकंद उशीर म्हणजे इलेक्ट्रिकल ७२ अंशांची चूक. तरी लोक पीआय कंट्रोलरचे गेन ट्यून करत बसतात.

करंट सेन्सरचा ऑफसेट (करंट शून्य असताना दिसणारा आकडा) प्रत्येक मॉड्युलवर, दर स्टार्टला, गेट (स्विच चालू करणारे सिग्नल) बंद आणि मोटर थांबलेली असताना घ्या. एकाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही.

टर्मिनेशन (केबलच्या दोन टोकांचे रेझिस्टर): पॉवर बंद करून कॅनच्या दोन वायरींमध्ये ६० ओहम आला पाहिजे. ४० आला तर मधल्या कुठल्यातरी बोर्डावर तिसरा रेझिस्टर राहिलाय.

आता फॉल्ट. मेसेज यायचे थांबले की शेवटचा टॉर्क रेफरन्स तसाच धरून ठेवणारा कोड मी इतक्यांदा बघितलाय की आता रिव्ह्यूमध्ये सगळ्यात आधी तेच शोधतो. मेसेजमध्ये काउंटर टाका, ठरावीक मेसेज चुकले की टॉर्क रॅम्पने शून्यावर आणा, आणि फॉल्टची लाइन कॅन बसपेक्षा वेगळी हार्डवायर्ड ठेवा. फॉल्ट आला की सरळ गेट बंद, हा शॉर्टकट पर्मनंट मॅग्नेट मोटरला नेहमी चालत नाही. हाय स्पीडला बॅक ईएमएफ (फिरणारी मोटर स्वतः तयार करते तो व्होल्टेज) डीसी बसपेक्षा वर गेला की डायोडमधून रेक्टिफाय होऊन करंट डीसी बसमध्ये घुसतो, ब्रेकिंग टॉर्क येतो, आणि उरलेली मॉड्युल त्याच बसवर असतात. त्या स्पीडला खालचे तिन्ही स्विच ऑन करून वाइंडिंग शॉर्ट करणं बरं पडतं, फक्त तो शॉर्ट सर्किट करंट मॉड्युलला झेपतो का ते आधी बघा. हे सगळं लो स्पीडला केबल उपटून टेस्ट केलं आणि पास झालं म्हणणारे भेटतात, अरे लो स्पीडला बॅक ईएमएफ बसच्या जवळपासही नसतो, मग दिसणार काय डोंबल!