टॉर्टल, टॅबॅक्सी, केंकू: डी अँड डी मध्ये प्राण्यांसारख्या वंशाचं कॅरॅक्टर कसं खेळायचं

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून आपापलं कॅरॅक्टर खेळायचा फाशांचा खेळ) मध्ये नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, सुरू झालं की कोणीतरी हमखास टॅबॅक्सी, म्हणजे मांजरासारखा वंश, घेतं, पहिल्या सेशनला मस्त गुरगुरतं, मिशा फेंदारतं, आणि दोन-तीन सेशन गेले की शेपूट आहे हेच विसरून जातं. मग उरतो नुसता जोरात पळणारा 'रोग', म्हणजे चोर-क्लासचा गडी. असे वंश मला मनापासून आवडतात म्हणून वाईट वाटतं, कारण त्यात खेळण्यासारखं खूप काही असतं. उपाय सोपा आहे, क्लास (कॅरॅक्टरचा पेशा) आणि स्टॅट्स (ताकद, चपळता वगैरेंचे आकडे) नंतर, आधी शरीर. या शरीराला माणसापेक्षा काय जास्त जमतं आणि काय अजिबातच जमत नाही हे दोन ओळीत लिहा, बाकीचं कॅरॅक्टर त्यातून काढा.

मी नवीन माणसाला नेहमी टॉर्टल सुचवतो, म्हणजे दोन पायांवर चालणारं कासव. याचा एसी (आर्मर क्लास, शत्रूचा फटका लागायला त्याला फाशांवर गाठावा लागणारा आकडा) सरळ 17, डेक्सटेरिटी (चपळता) काहीही असो. आर्मर घालता येत नाही पण ढाल चालते, म्हणजे 19. मंक किंवा बार्बेरियन या क्लासचा विनाचिलखत डिफेन्स याच्यावर चढत नाही, दोन्हीतला एकच धरायचा, हे बरेच जण चुकवतात. अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतलं मुख्य काम) वापरून कवचात शिरलात की एसी +4, स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशनच्या (ताकद आणि काटकपणा) सेव्हला, म्हणजे धोका टाळायच्या फाशाला, अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा), पण स्पीड शून्य, रिअ‍ॅक्शन बंद, डेक्स सेव्हला डिसअ‍ॅडव्हान्टेज (लहान आकडा धरायचा), आणि बाहेर यायला बोनस अ‍ॅक्शन. म्हणजे फायरबॉल (डेक्स सेव्ह लागणारा आगीचा मंत्र) टाकणारा समोर असेल तर आत शिरणं धोक्याचं. एक तास श्वास रोखता येतो, नदी-समुद्राचं कॅम्पेन असेल तर हे सोनं आहे.

पण खरी मजा पुढे आहे. टॉर्टल साधारण 50 वर्षं जगतात आणि अंडी घालतात ती आयुष्याच्या अगदी शेवटी, पिल्लं बाहेर आली की आईबाप उरलेल्या दिवसांत त्यांना बोलायला, जगायला शिकवतात, आपल्या गोष्टी सांगतात आणि वर्षभरात मरतात. म्हणजे जवळपास प्रत्येक टॉर्टल लहानपणीच अनाथ होतो आणि तिथे ते नॉर्मल आहे! बॅकस्टोरीसाठी कोणी खून करायची गरजच नाही. आईबापांनी सांगितलेल्या तीन गोष्टी ठरवा, त्यातली एक अर्धवट राहिलेली असू दे, आणि तुमचं कॅरॅक्टर तिचा शेवट शोधत फिरतंय असं धरा. डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) याच्यावर सहा महिने खेळवता येईल.

टॅबॅक्सीचं थोडक्यात सांगतो. त्याची फेलाइन अ‍ॅजिलिटी एका टर्नपुरता स्पीड दुप्पट करते, पण परत वापरायची तर एक टर्न अजिबात हलायचं नाही. तेच कॅरॅक्टर बनवा: झेप, मग पूर्ण स्तब्ध. गप्पा मारताना पण तसंच, बराच वेळ गप्प आणि मग एकदम मध्ये उडी. त्यांना एखाद्या गोष्टीचं वेड लागतं, ते वेड दर काही सेशननी बदला. आणि वास घेण्याचा अ‍ॅडव्हान्टेज त्यांना नाहीये, डीएमशी भांडू नका. तो हवा असेल तर लोक्सोडॉन घ्या, हत्तीसारखा वंश, रॅव्हनिका या जगावरच्या पुस्तकात आहे. सोंडेने वस्तू उचलता येते, शत्रूला पकडता येतं, पण तलवार धरता येत नाही.

केंकू सगळ्यात अवघड, कावळ्यासारखे, पंख नाहीत. 2016 च्या पुस्तकात ते फक्त ऐकलेले आवाज काढूनच बोलू शकायचे, 2022 मध्ये ती अट निघाली. जुनी पद्धत खेळायची असेल तर सेशनआधी पाच-सहा वाक्यं लिहून ठेवा आणि प्रत्येक वाक्य कोणाकडून ऐकलंय तेही लिहा, दारावरच्या शिपायाचं "थांब, कोण आहे?" वेगळं आणि म्हाताऱ्या पुजारणीचं वेगळं. पार्टीतल्या मित्रांची वाक्यं हळूहळू त्यात येऊ द्या, त्यांच्याच आवाजात, टेबलवरच्यांना फार आवडतं. सलग चार तास नुसते आवाज काढू नका, "तो लोहाराच्या आवाजात नाही म्हणतो" असं सांगितलं तरी पुरतं.

पॅथफाइंडर (डी अँड डीसारखाच दुसरा खेळ) खेळत असाल तर वानर आहेत, थेट आपल्या रामायणातून गेलेले, शेपटीने छोट्या वस्तू उचलणारे. फक्त हनुमानाची कॉपी करू नका, किष्किंधेत सुग्रीव होता, वाली होता, तारा होती, भाऊ-भावाचं वैर होतं, राजकारण होतं, तिथून घ्या. हेच इतर वंशांना पण लागू, सगळी मांजरं चोर आणि सगळे सरडे क्रूर असं धरलं की पुढे खेळायला काही राहत नाही.

डीएमला आधी विचारायच्या गोष्टी: 2024 च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये (खेळाडूंचं मुख्य नियमपुस्तक) यातला एकही वंश नाही, त्यामुळे जुनी पुस्तकं चालणार का आणि कुठली आवृत्ती. अ‍ॅराकोक्रा किंवा आउलिन (दोन्ही उडणारे, पक्ष्यांसारखे वंश) घेत असाल तर पहिल्या लेव्हलपासून उडणं चालेल का, कारण दरी, भिंत, खंदक सगळं एका झटक्यात सुटतं आणि डीएमची अर्धी तयारी वाया जाते. काही डीएम लेव्हल 5 पर्यंत थांबवतात, ते मान्य करा. आणि गावातले लोक तुम्हाला बघून काय करतात हेही विचारून घ्या, घाबरतात, की रोजचंच आहे, की पोरं कवचावर चढायला मागतात.