गरोदरपणातली क्रीमं आणि गोळ्या: या चुका टाळा

पाचव्या-सहाव्या महिन्यात गालावर वांग दिसू लागले की नणंदेपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांकडे उपाय तयार असतो. त्यात सर्वांत घातक म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली उजळपणाची ट्यूब. अशा ट्यूबमध्ये बरेचदा हायड्रोक्विनोन हे कातडीचा रंग फिका करणारे रसायन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचे स्टेरॉइड एकत्र असते. हायड्रोक्विनोन कातडीतून बऱ्यापैकी रक्तात उतरते. ट्रेटिनॉइन ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले, म्हणून गरोदरपणात वर्ज्यच. चेहरा झटपट उजळतो त्यात स्टेरॉइडचाही हात असतो, आणि ट्यूब सोडली की डाग परत येतात, वर पुरळ वेगळे. बिनलेबलच्या डबीत तर पाराही निघू शकतो.

वांग हार्मोन्समुळे येतात, ऊन ते गडद करते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये तापमान 40 अंशांपुढे जाते, तेव्हा नवी पेठेतली खरेदी संध्याकाळवर ढकला. दिवसा झिंक ऑक्साइडचे, एसपीएफ 30 चे सनस्क्रीन आणि तोंडाला स्कार्फ. बाळंतपणानंतर बरेचसे डाग आपोआप फिके होतात. (केशराच्या दुधाने बाळ गोरे होत नाही. आवडत असेल तर चिमूटभर घ्या.)

गोळ्यांत चूक बहुधा वेळेची असते. सरकारी दवाखान्यातल्या रक्तवाढीच्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती कॅल्शियमसोबत किंवा चहावर घेतली की लोह नीट अंगी लागत नाही. कॅल्शियम जेवणासोबत घ्या, लाल गोळी किमान दोन तासांच्या अंतराने, लिंबूपाण्याबरोबर. शी काळी झाली म्हणून घाबरून गोळी बंद करू नका, ते लोहामुळे होते.

खासगी डॉक्टरांनी मल्टिव्हिटॅमिन दिले असेल तर लाल गोळी चालू असल्याचे त्यांना सांगा, नाहीतर लोह दुप्पट जाते. कॉड लिव्हर ऑइल मनाने सुरू करू नका; त्यात रेटिनॉल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्व, असते आणि ते जास्त झाले तर गर्भाला अपाय होतो. कोरफडीचा रस आणि भस्म असलेली औषधे ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून घेऊ नयेत.

बाळंतपणानंतर अळिवाचे लाडू सुरू होतात आणि गोळ्या मात्र कपाटात जातात. लाडू खुशाल खा, पण लाल गोळी पुढचे 180 दिवस चालू ठेवा. अंगावर पाजत असाल तर स्तनाग्रांवर स्टेरॉइडचे क्रीम लावू नका. भेगांसाठी शुद्ध लॅनोलिन चालते.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर महिलांची मोफत तपासणी असते. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, डब्या आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. नुसते नाव सांगून डॉक्टरांना आत काय आहे ते कळत नाही.