लाल पेशी गोठवताय? निदान या चुका तरी टाळा

ग्लिसरॉल घातलं, पिशवी डीप फ्रीझरमध्ये ठेवली, झालं काम! नव्या मुलांचा हा समज मोडण्यात माझी निम्मी नोकरी गेली. नागपूरला शिकले आणि आता कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या एका रक्तपेढीत आहे. दुर्मिळ गटाचं रक्त आम्ही गोठवून ठेवतो. साधं रक्त 42 दिवसांत बाद होतं, हे 10 वर्षं टिकतं.

1950 मध्ये लंडनला ऑड्री स्मिथ यांनी दाखवून दिलं की ग्लिसरॉल असेल तर लाल पेशी गोठणं सोसतात. ते नसेल तर बर्फ आणि घट्ट होत जाणारं मीठ मिळून पेशी फोडतात. म्हणून प्लाझ्माच्या फ्रीझरमध्ये चुकून गेलेली रक्ताची पिशवी सरळ फेकायची. "थोडीच गोठलीय" वगैरे ऐकून घ्यायचं नाही.

ग्लिसरॉल घालताना घाई नको. पेशी आणि द्रावण दोन्ही आधी खोलीच्या तापमानाला आणा. शेकरवर पहिले 100 मिली हळूहळू सोडा, 5 मिनिटं थांबा आणि मगच उरलेलं घाला. या पाच मिनिटांत मी मोबाइल बघत नाही, पिशवी बघते. रक्त घेतल्यापासून 6 दिवसांच्या आत गोठवा. आणि 20 टक्के ग्लिसरॉलची पद्धत द्रव नायट्रोजनसाठी आहे. उणे 80 अंशांच्या फ्रीझरला 40 टक्केच लागतं.

आता माझी दुखरी नस, सिकल सेल ट्रेट, म्हणजे सिकल सेल आजाराचं एकच जनुक अंगात असणं. असा रक्तदाता ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. पण गोठवलेली पिशवी वितळवल्यावर, पेशंटला देण्याआधी, ग्लिसरॉल काढायला मिठाच्या द्रावणांनी धुवावी लागते. त्याची पिशवी नेहमीच्या पद्धतीने धुवायला घेतली, तर घट्ट मिठाच्या द्रावणात पेशींचा गोळा होतो आणि तो काही केल्या सुटत नाही.

एकदा रात्री यू-निगेटिव्ह या दुर्मिळ गटाच्या रक्ताची मागणी आली. हा गट जवळजवळ फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडतो आणि ट्रेटही त्यांच्यात बऱ्यापैकी. आमच्याकडे दोनच पिशव्या. पहिली वितळवली, धुवायला लावली, तर आत जांभळट जेली! ज्युनिअर पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रेकॉर्ड काढलं. गोठवताना सिकलची चाचणीच केलेली नव्हती आणि गोठवणाऱ्याच्या रकान्यात आद्याक्षरं माझीच. शिकताना विदर्भातले शेकडो नमुने सिकलसाठी तपासलेली मी! दुसऱ्या पिशवीवर पेशंटचं भागलं, पण त्या रात्री माझ्या पोटात गोळा होता. तेव्हापासून चाचणीचा निकाल हातात आल्याशिवाय मी ग्लिसरॉलची बाटली उघडत नाही. अशी पिशवी वापरावीच लागली, तर 12 टक्के मिठानंतर पुरेसं थांबून पुढची सगळी धुलाई 0.9 टक्के मीठ-ग्लुकोजनेच करतात, मधलं 1.6 टक्के गाळतात.

नेहमीच्या पिशवीला मात्र मिठाच्या तिन्ही पायऱ्या हव्यात: 12 टक्के, मग 1.6, मग 0.9. ग्लिसरॉलने भरलेली पेशी थेट सलाइनमध्ये टाकली की पाणी आत धावतं आणि ती फुटते. "मॅडम, दोन मिनिटं वाचवली," असं कौतुकाने सांगणाऱ्या एका मुलाची लालभडक धुलाई मी आठवडाभर टेबलावर ठेवली होती. शेवटच्या धुलाईचं पाणी जवळजवळ रंगहीनच हवं.

पिशवी गोठलेली असताना आपटू नका. तडा वितळल्यावर दिसतो. वॉटर बाथ 37 अंशांचा, नळाचं गरम पाणी नव्हे.

उघड्या पद्धतीने धुतलेली पिशवी 24 तासच चालते, बंद यंत्रातली 14 दिवस. "तयार करून ठेवा, लागली तर घेऊ," म्हणायला सर्जनचं काय जातं! आमचं यंत्र जुनं, 24 तासवालं. शस्त्रक्रियेची वेळ लेखी आल्याशिवाय मी फ्रीझरचं दार उघडत नाही.