आजोळचं खळं आणि माजघर सारवायचं कसं

आमचं आजोळ रत्नागिरीकडचं, मामाने आता ओटीवर आणि पडवीत लाद्या बसवल्या पण माजघर आणि खळं (घरापुढचं अंगण) अजून मातीचंच आहे. दिवाळीला गेलो की आजी असताना जसं सारवायची तसं मीच सारवतो. ज्यांच्या गावच्या घरी अजून मातीची जमीन शिल्लक आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी खळं. पावसात खळ्यात गवत आणि शेवाळ माजतं, त्यामुळे पाऊस गेल्याशिवाय हात घालू नका. गवत मुळासकट उपटायचं, वरची जमीन कुदळीने उकरायची, ढेकळं फोडून पाणी मारायचं आणि माती मऊ झाली की सपाट करून चोपण्याने चोपायची. चोपणं म्हणजे दांडा असलेली जाड लाकडी फळी. आम्ही पोरं पाच मिनिटांत दमायचो आणि आजोबा मात्र न बोलता अर्धं खळं चोपून काढायचे. चोपण्यात कंटाळा केलात तर पुढे भेगा पडणार, मग कितीही शेण लावा उपयोग नाही.

आता शेण. ताजं घ्या आणि शक्यतो गवतावर चरणाऱ्या गावठी गाईचं, पेंड खाणाऱ्या गाईचं शेण पातळ असतं, धरत नाही हा माझा अनुभव. काड्या, खडे वेचून काढायचे (एक खडा राहिला की हात सोलतो). हाताला कापलं असेल तर मुळीच सारवू नका, शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात.

खळ्यासाठी काला (पाण्यात कालवलेलं शेण) पातळ, ताकासारखा, तो ओतत जायचा आणि खराट्याने ओढायचा. माजघरासाठी मात्र घट्ट, इडलीच्या पिठासारखा, आणि तो हातानेच लावायचा. साधारण खोलीला अर्धी बादली शेण पुरतं. आमच्याकडे रंग काळा यावा म्हणून कोळशाची पूड घालायचे, काही घरात तर टॉर्चचे जुने सेल फोडून त्यातलं काळं घालायचे, ते प्लीज करू नका, त्यात नको ती रसायनं असतात.

माजघर सारवताना देवाच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून दाराकडे मागे मागे सरकत यायचं. मी पहिल्यांदा दारापासून सुरू केलं आणि कोपऱ्यात अडकून बसलो, मामी हसून हसून बेजार. उकिडवं बसायचं, डाव्या हाताने टेकू घ्यायचा आणि उजव्या हाताचा पंजा उघडा ठेवून अर्धगोल फिरवायचा. प्रत्येक अर्धगोल आधीच्यावर थोडा चढला पाहिजे, नाहीतर मधे माती दिसते. जोर बोटांत नाही, तळव्यात. आजीचे अर्धगोल सगळे एका मापाचे, शिंपल्यांसारखे दिसायचे आणि मामीचे लांबट, त्यामुळे आज कोणी सारवलंय ते न विचारता कळायचं. माझे अजून वेडेवाकडेच येतात.

वाळायला उन्हाळ्यात तास-दीड तास, दिवाळीत जरा जास्त. फॅन लावला तर लवकर वाळतं पण कडेची पापडी सुटते, म्हणून आम्ही नुसतं दार उघडं ठेवतो. तेवढ्या वेळात कोणालाच आत सोडायचं नाही, आजी तर उंबऱ्यावर काठी घेऊन बसायची आणि "मेल्या, ओल्यात पाय टाकशील तर बघ" असं आधीच ओरडून ठेवायची, मी टाकला नसला तरी.

वाळलं की कडेने रांगोळीच्या दोन रेघा ओढायच्या, नुसतं सारवलेलं तसंच ठेवत नाहीत. हातांना नंतर साबण लावून खोबरेल तेल चोळा, कातडी फार कोरडी पडते. आणि मुख्य म्हणजे सुरुवात करण्याआधीच कोंबड्या झाकून ठेवा, यंदा मी विसरलो आणि माझ्या अर्धगोलांवरून एक तलंग (तरणी कोंबडी) देवाच्या कोपऱ्यापर्यंत सरळ चालत गेली.