फ्रान्समध्ये गाड्यांविना सायकल चालवायचीय? मग या चुका टाळा

फ्रान्सचा सायकल नकाशा पाहिला की कुणालाही हुरूप येतो. ल्वार नदीच्या काठाने 900 किलोमीटर. जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत रोन नदीच्या सोबतीने 815. ब्रिटनीतल्या रॉस्कॉफपासून थेट स्पेनच्या सीमेपर्यंत 1200 च्या वर. प्रत्येक मार्गाला स्वतःचं नाव आणि बोधचिन्ह, चौकाचौकात पाट्या. हे बघून घरात ठरतं, ‘तिकडे गाड्याच नसतात, पोरांनाही नेऊ.’ पहिले दोन दिवस तसेच जातातही. तिसऱ्या दिवशी पाटी डावीकडे वळवते आणि समोर सरळसोट डांबरी रस्ता येतो. गाड्या कमी असतात, पण ज्या येतात त्या ताशी 80 च्या वेगाने.

बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे. मार्गाचं नाव बघून सहल आखली जाते, तुकडा बघून नाही. फ्रान्समध्ये ‘व्वा व्हर्त’ हा प्रकार कायद्यानेच मोटार वाहनांना बंद असतो. त्यावर सायकली आणि पायी चालणारे, काही ठिकाणी घोडेस्वारसुद्धा. ‘व्हेलोरूत’ ही मात्र लांब पल्ल्याची जोडसाखळी. तिच्यात व्वा व्हर्तचे तुकडे येतात, शहरातल्या सायकलपट्ट्या येतात आणि खेड्यापाड्यांतले कमी रहदारीचे रस्तेही येतात. ल्वारकाठचा प्रसिद्ध मार्ग व्हेलोरूत आहे. तो सुंदरच आहे, पण संपूर्ण गाडीमुक्त नाही.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. मार्गाच्या अधिकृत नकाशावर वेगळी वाट आणि गाड्यांसोबतचा रस्ता निरनिराळ्या रंगांत दाखवलेले असतात. रोजचा टप्पा त्या रंगांनुसार तपासायचा आणि दोन तुकड्यांमधली फट कुठे आहे ते आधीच हेरून ठेवायचं. बोर्दोहून तुलूझकडे जाण्याचं उदाहरण घ्या. बोर्दोच्या बाहेरून सोव्हतेर-द-गुयेनपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरची रोजे लापेबी वाट आहे. हे लापेबी म्हणजे 1937 च्या तूर द फ्रान्स सायकल शर्यतीचे विजेते. पुढे गॅरोन कालवा सुरू झाला की तुलूझपर्यंत 193 किलोमीटर जवळजवळ अखंड डांबरी, सपाट वाट मिळते. पण या दोहोंच्या मध्ये द्राक्षमळ्यांचे चढउतार आणि साधे रस्ते आहेत. लहान मुलं सोबत असतील तर बोर्दोहूनच रेल्वेने सरळ कालव्यावर यावं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने ल्वारच्या नावाला भुलू नये, गॅरोन कालवा घ्यावा. तिथे ल्वारसारखे राजवाडे नाहीत, पण धास्तीही नाही.

अशा सलग वाटा आणखीही आहेत. बर्गंडीत जिव्री ते क्लुनी ही 44 किलोमीटरची वाट 1997 साली झाली, ती फ्रान्समधली पहिली व्वा व्हर्त. दक्षिणेत माझामे आणि बेदारिए यांच्यामध्ये जुन्या रेल्वेमार्गावर सत्तरेक किलोमीटरची डोंगराळ वाट आहे. डोंगर आजूबाजूला, चढ मात्र आगगाडीला झेपेल एवढाच.

दुसरी चूक पृष्ठभागाची. ‘कालव्याकाठची वाट’ म्हटलं की डोळ्यांपुढे गुळगुळीत डांबर येतं. गॅरोन कालव्याचं ते चित्र तुलूझच्या पलीकडे लागू पडत नाही. तुलूझहून मिदी कालवा सुरू होतो. पिएर-पॉल रिके यांच्या देखरेखीखाली 1666 ते 1681 या काळात तो बांधला गेला आणि 1996 पासून तो जागतिक वारसा आहे. पहिले पन्नासेक किलोमीटर डांबर आहे. ओद जिल्ह्यात शिरलं की बऱ्याच ठिकाणी माती, खडी आणि वर आलेली झाडांची मुळं. अलीकडे काही भाग सुधारले आहेत, तरी कार्कासॉनच्या पुढे सपाट असूनही दमवणारे टप्पे भेटतात. गॅरोनवर दिवसाला सत्तर किलोमीटर सहज झाले म्हणून इथेही तोच हिशोब धरणारे संध्याकाळी अंधारात मुक्काम शोधत फिरतात. दिवसाचा आकडा चाळीस-पन्नासवर आणा.

इथे 28 मिलिमीटरचा बारीक टायर घेऊन जाणं म्हणजे मनगटांवर सूड उगवणं. 38 ते 42 चा टायर हवा, आणि त्यात हवा थोडी कमी. हात बधिर होत असतील तर हातमोजे बदलण्याआधी हवा कमी करून बघा. मुळांवरून सतत आदळत गेल्याने मागच्या कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात, म्हणून रोज संध्याकाळी ते पिळून बघावेत. पॅनियर, म्हणजे कॅरिअरला अडकवलेली पिशवी, खडखडायला लागला तर बहुतेक वेळा हुक सैल झालेला असतो.

सावलीचीही एक गोष्ट. मिदी कालव्याच्या छायाचित्रांत दिसणारी प्लेन, म्हणजे चिनारच्या जातीच्या, झाडांची कमान आता सगळीकडे नाही. 2006 मध्ये इथे एका बुरशीजन्य रोगाची लागण आढळली आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली. नवी झाडं लावली आहेत, पण त्यांची सावली पडायला काळ जावा लागेल. जुलै-ऑगस्टच्या दुपारी या उघड्या भागांत उन्हाचा कडाका आपल्या विदर्भाची आठवण करून देतो. सकाळी सातला निघा आणि एकपर्यंत मुक्काम गाठा.

ब्रिटनीतला नाँत–ब्रेस्त कालवा वेगळ्या स्वभावाचा. साधारण 360 किलोमीटर, बहुतेक दाबलेल्या बारीक वाळूची वाट. कोरड्या दिवशी ती उत्तम असते, सलग पावसानंतर तीच पीठ कालवल्यासारखी होते आणि साखळीत रेती जाते. मडगार्ड आणि तेलाची छोटी बाटली याशिवाय तिकडे जाऊ नका. 1930 मध्ये गेर्लेदां धरणाने हा कालवा मध्येच तोडला, त्यामुळे त्या परिसरात वाट पाणी सोडून चढते.

वाऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही. ल्वारला बहुतेक जण प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे समुद्राकडे जातात, ‘उतार मिळेल’ म्हणून. नव्हेरजवळून समुद्रापर्यंत एकूण उतार 200 मीटरही नाही, पायाला तो जाणवतसुद्धा नाही. जाणवतो तो पश्चिमेचा वारा, आणि तो छातीवर येतो. समुद्राकडून आत या, वारा पाठीशी राहील. रोनच्या खोऱ्यात उलट, तिथे मिस्त्राल नावाचा वारा उत्तरेकडून सुटतो, म्हणून दक्षिणेकडेच जावं. तुलूझ आणि कार्कासॉनच्या मध्ये मात्र वारा कधी वायव्येचा, कधी आग्नेयेचा. तिथे अंदाज बघून एखादा दिवस मुक्काम वाढवण्याची मोकळीक ठेवणं एवढंच हातात आहे.

आता वेळापत्रक. मुंबई-पुण्याहून जाणारे लोक मुलांच्या सुट्टीमुळे मे महिना निवडतात. हवा छान असते, पण मे महिन्यात फ्रान्समध्ये सुट्ट्यांची रांग असते: 1 मे, 8 मे, शिवाय बहुतेक वर्षी येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, ज्याला जोडून लोक शुक्रवारही घेतात. महाराष्ट्र दिनी आपल्याकडे निदान हॉटेलं उघडी असतात, तिकडे 1 मे रोजी खेड्यात पावसुद्धा मिळेलच असं नाही. आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवा. ऐन थंडीत जाणाऱ्यांनी क्लुनीहून माकोंकडे जाताना लागणाऱ्या ब्वा क्लेर बोगद्याची चौकशी करावी. 1.6 किलोमीटरचा हा जुना रेल्वे बोगदा वटवाघळांच्या हिवाळी झोपेसाठी बंद ठेवतात आणि मग खिंडीवरून चढून जावं लागतं. उन्हाळ्यात तो उघडा आणि आत थंडगार असतो, जाकीट हाताशी ठेवा.

खाण्याबाबत खेड्यांतला नियम कडक आहे: जेवण बारा ते दोन. सव्वादोनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद. सोमवारी बेकऱ्या आणि खानावळी बंद असण्याची शक्यता मोठी, रविवारी दुपारनंतर दुकानंही. शाकाहारी असाल तर सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे येऊ शकतात, मागवतानाच स्पष्ट सांगा. कडक शाकाहारी असाल तर आणखी एक: कोंते, रॉकफोर यांसारख्या पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांपासून मिळवलेलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, असतं. सुपरमार्केटमधले डबाबंद छोले, कुसकुस आणि टोमॅटो यांवर कॅम्पवर चांगलं जेवण होतं, सोबत मसाल्याची पुडी मात्र घरून न्या.

पाण्यासाठी तिकडच्या सायकलवाल्यांची जुनी युक्ती म्हणजे गावची स्मशानभूमी. फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतो. ‘नों पोताब्ल’ अशी पाटी दिसली तर ते पाणी पिऊ नका.

रेल्वेने सगळ्यांत जास्त बेत मोडतात. प्रादेशिक गाड्यांत, ज्यांना टीईआर (TER) म्हणतात, सायकल बहुधा फुकट जाते, पण काही प्रदेशांत उन्हाळ्यात आरक्षण लागतं आणि शनिवार-रविवारी जागा भरलेल्या असतात. वेगवान तेजेव्हेच्या (TGV) ठराविक गाड्यांतच सायकलची जागा असते, तीही मोजकी, आणि तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं. ‘आधी माणसांची तिकिटं काढू, सायकलचं नंतर’ हे इथे चालत नाही, दोन्ही एकदमच काढा. जागा नसेल तर चाकं काढून सायकल ठरलेल्या मापाच्या पिशवीत घालून सामान म्हणून नेता येते. लंडनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींची मात्र चैन आहे. न्यूहेवनहून बोटीने दिएपला उतरलं की थोड्याच अंतरावर फोर्ज-लेझ-ओपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटरची डांबरी व्वा व्हर्त मिळते. पॅरिसला जाणारा हा मार्ग पुढे रस्त्यांवरही उतरतो, हे आता सांगायला नको.

नियम थोडक्यात: बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, कानात इअरफोन चालत नाहीत, आणि गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट हवंच. व्वा व्हर्त रस्ता ओलांडते तिथे बहुतेक वेळा थांबायचं तुम्हालाच असतं. अशा ठिकाणी आडवे दांडे असतात. मुलांची ट्रेलर किंवा रुंद पॅनियर त्यांतून काढताना उतरून ढकलणं बरं. मागून जाताना घंटी लांबूनच वाजवा, घोडा असेल तर वेग कमी करून आवाज द्या.

पंक्चरसाठी ट्यूब नेताना भाड्याच्या सायकलचा व्हॉल्व्ह आधी बघा. बारीक प्रेस्टा आहे की मोटारीसारखा जाडा, यावर पंप आणि ट्यूब दोन्ही ठरतात. भोक सापडत नसेल तर ट्यूब पाण्यात धरा, कालवा शेजारीच आहे. टायर आतून बोटाने चाचपा, काटेरी झुडपं छाटल्यावर राहिलेला काटा तिथेच असतो आणि तो न काढता नवी ट्यूब घातली तर अर्ध्या तासात पुन्हा बसाल. आणि सायकल दुरुस्तीची दुकानंही बरीचशी सोमवारी बंद असतात, म्हणून रविवारी संध्याकाळी ब्रेक कुरकुरायला लागला तर मंगळवारची वाट पाहावी लागेल. ब्रेक पॅडची एक जोडी सोबत ठेवा.